वाफ्यातला इस्त्रीचा बनियन

अप्पांनी आयुष्यभर एकच बढाई मारली, पण ती रोज मारली. "चाळीस वर्षं लाँड्री चालवली! माझ्या हाती दिलेला एकही कपडा फाटला नाही, हरवला नाही, बदलला नाही!" दूधवाल्याने ऐकलं, पोस्टमनने ऐकलं. दातांच्या डॉक्टरने तर अप्पांच्या तोंडात चिमटा घातलेला असताना ऐकलं. आणि त्यात खोटं काही नव्हतं. अप्पांनी इस्त्री केलेला शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकला, तर येणारा-जाणारा आधी त्या शर्टाला "बरं आहे ना?" विचारी, मग आत बघे.

लाँड्री बंद होऊन तीन वर्षं झाली तेव्हा ही बढाई जरा शिळी व्हायला लागली होती. पण त्याच सुमारास घरात सूनबाई आली आणि अप्पांना दुसरी, ताजी बढाई मिळाली.

"आमची सूनबाई मातीची डॉक्टर आहे!"

मुलगा जहाजावर. तो वर्षातले आठ महिने खाऱ्या पाण्यात, आणि सूनबाई बिनपाण्याच्या वाळूत. शहराबाहेरच्या माळावर एक प्रयोगाचं शेत होतं, तिथे ती काम करी. तिथली जमीन इतकी रेताड, की तिला पाणी देणं म्हणजे चाळणीत दूध तापवणं. सकाळी पाजलेलं पाणी दुपारी पाताळात! लोक तासन् तास पंप चालवत, विहिरी खरवडून काढत, आणि पिकं मात्र सासरी रुसलेल्या जावयासारखी तोंड वाकडं करून उभी.

सूनबाईने काय केलं? शेजारी शेजारी दोन तुकडे घेतले. एक तसाच ठेवला, नुसती वाळू. दुसऱ्यात तिने चिकणमाती पाण्यात कालवून ताकासारखी पातळ करून जिरवली, वर कुजलेलं खत आणि कोळशाचा चुरा मिसळला, पालापाचोळ्याचं पांघरूण घातलं, आणि ठिबकच्या नळीने थेंब थेंब पाणी दिलं. वाळूच्या कणाला चिकणमातीचा लेप बसला की पाणी तिथे टिकतं, असं तिचं म्हणणं. दोन वर्षं ती उन्हात उभी राहिली. गोरीपान आली होती, शेंगदाण्यासारखी भाजून निघाली. पण तिच्या तुकड्यात निम्म्या पाण्यात दीडपट टोमॅटो लागले!

अप्पा त्यातला एक टोमॅटो आठवडाभर खिशात घेऊन फिरले. "बघा," ते म्हणत, "वाळूतला आहे!" सातव्या दिवशी तो खिशातच फुटला. सदऱ्याचा डाग अप्पांनी दहा मिनिटांत काढला, पण काढताना त्यांना वाईट वाटलं, असं माई सांगत. माई म्हणजे त्यांच्या पत्नी. चाळीस वर्षांत एखादा डाग काढताना अप्पांना वाईट वाटल्याचं त्यांनी प्रथमच पाहिलं होतं.

आता या प्रयोगावर पाणीवाटपाची एक समिती बसली होती, आणि समितीवर बसल्या होत्या अध्यक्षबाई. बाई धरणं बांधून निवृत्त झालेल्या. चष्मा असा जाड, की त्यातून बघितलं की समोरचा आपोआप खरं बोलायला लागे. त्या सूनबाईला म्हणाल्या, "टोमॅटोंचं मला कौतुक सांगू नका. एका हंगामाचं पीक खताच्या जोरावरही येतं. ती जमीन स्वतः जिवंत झाली आहे का? झाली असेल, तर पुढच्या तीन वर्षांचं पाणी आणि आजूबाजूची पन्नास एकर मिळेल. नसेल, तर नळी बंद, तुकडा बंद."

"दाखवते," सूनबाई म्हणाली. "दोन्ही तुकड्यांत सुती बनियन पुरू या. दोन महिन्यांनी काढू."

समितीतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनी मात्र मान डोलावली. त्यांना ही परीक्षा माहीत होती.

संध्याकाळी सूनबाई अप्पांकडे आली. "अप्पा, सहा बनियन हवेत. अगदी शुद्ध सुती."

झालं! अप्पांच्या अंगात वीज संचारली. त्यांनी बाजार पालथा घातला, एकेक बनियन उजेडाकडे धरला, बोटांत चोळला, एका दुकानदाराला तर "हे सूत नाही, ही फसवणूक आहे" असं सुनावून आले. सहा बनियन घेऊन ते बसले आणि सूनबाई त्यांना परीक्षा समजावू लागली.

"म्हणजे बघा अप्पा, ज्या मातीत सूक्ष्म जीव असतात ना..."

"हो हो, पण हा पोत बघ! हात लाव!"

"छान आहे. तर ते जीव काय करतात..."

"शिवण तेवढी पॉलिस्टरच्या दोऱ्याची आहे. आजकाल तशीच येते. चालेल?"

"चालेल. तर दोन महिन्यांनी आपण..."

"समजलं, समजलं!" अप्पा म्हणाले. "तू निश्चिंत राहा. बनियन माझ्यावर सोड."

समजलं होतं काय? तर अप्पांनी आपल्या मनाशी असा हिशोब मांडला होता: चांगली लाँड्री ती, जी दिलेला कपडा होता तसा परत करते. मग चांगली जमीनही तीच! सूनबाईच्या जमिनीत पुरलेला बनियन दोन महिन्यांनी जसाच्या तसा बाहेर येणार, आणि त्या भिकार वाळूत त्याच्या चिंध्या होणार. इतकी सरळ गोष्ट, यात समजावायचं काय?

बनियन पुरले गेले. तीन इकडे, तीन तिकडे, वीतभर खोल, वर लाल झेंड्या. अप्पा दिवस मोजत राहिले.

बनियन काढायचा दिवस गुरुवार ठरला. बुधवारी सूनबाई अहवालाच्या प्रती काढायला शहरात गेली. अप्पांना काही चैन पडेना. ते चहाचा कप घेऊन बसत, उठत, पुन्हा बसत. शेवटी माई म्हणाल्या, "अहो, परीक्षा तिची आहे की तुमची?"

"तिची म्हणजे माझीच! मी जरा पाय मोकळे करून येतो."

पाय मोकळे करायला ते चार किलोमीटर चालत प्रयोगाच्या शेतावर गेले. राखणदार जेवून लिंबाखाली पेंगत होता. अप्पांनी खुरपं उचललं. फक्त एक कोपरा बघायचा! एवढाच, नखाएवढा!

आधी त्यांनी वाळूचा तुकडा उकरला. म्हटलं, शत्रूची अवस्था बघू. बनियन बाहेर आला. झटकला. आणि अप्पांनी डोळे चोळले. बनियन अख्खा! जरासा पिवळट, पण बाही शाबूत, गळा शाबूत, एक धागा निघालेला नाही. तिन्ही तसेच!

"असू दे, असू दे," अप्पा स्वतःलाच म्हणाले. "आपला याहून चांगला असणार. पांढराशुभ्र असणार." आणि त्यांनी सूनबाईच्या तुकड्यात खुरपं घातलं.

माती काळी, ओलसर, मऊ. मुठीत धरली तर केकसारखी राही. त्या मातीतून अप्पांनी जे वर काढलं त्याला बनियन म्हणणं म्हणजे माशाच्या काट्याला मासा म्हणणं. गळ्याची शिवण, खांद्यांची शिवण, खालची पट्टी आणि कंपनीचा शिक्का. मधलं कापड गायब! त्या शिवणीतून एक जाडजूड गांडूळ अप्पांकडे डोकावून बघत होतं. चेहऱ्यावर जेवण झाल्याचं समाधान.

 अप्पांनी दुसरा काढला. तोही सांगाडा! तिसऱ्याची तर नुसती शिवण उरली होती, शिक्कासुद्धा गायब!

"अरे देवा!" अप्पा पुटपुटले. "सूनबाईच्या जमिनीने बनियन खाल्ले!"

उद्या अध्यक्षबाई येणार. सगळ्यांसमोर वाळूतला बनियन शाबूत निघणार, आणि दोन वर्षं उन्हात करपलेल्या पोरीच्या हातात हा सांगाडा येणार. नळी बंद, तुकडा बंद. अप्पांच्या डोळ्यांना पाणीच आलं. आणि मग त्यांच्या मनात ती कल्पना आली. आयुष्यभर ज्या गोष्टीला ते महापाप म्हणत आले, नेमकी तीच! कपड्याची अदलाबदल!

ते घरी आले ते धावतच. कपाट उघडलं. मागच्या आठवड्यात माईंनी त्यांच्यासाठी तीन नवे बनियन आणले होते, त्याच कंपनीचे.

"नवे बनियन घेऊन कुठे चाललात?" माईंनी दारातच अडवलं.

"काम आहे."

"तिन्ही एकदम?"

"अगं, ऊन फार आहे, घाम येतो!"

"तीन बनियन एकावर एक घालून घाम कमी येतो होय?"

"तू चहा टाक," अप्पा म्हणाले. "भरपूर टाक. साखर नको."

चहा कशाला, तर बनियन मळवायला! दोन महिने जमिनीत राहिलेला कपडा थोडा तरी मळलेला दिसायला नको का? मोरीत बसून अप्पांनी पहिल्या बनियनवर चहाचे चार थेंब टाकले. आणि त्यांचा दुसरा हात, त्यांना न विचारता, साबणाकडे गेला! चाळीस वर्षांची सवय. डाग पडला की हात चालायलाच लागतो. पाच वेळा चहा टाकला, पाच वेळा धुतला. शेवटी बनियन आधीपेक्षा पांढरा झाला. मग चिखल आणला. चिखलाचं बोट बनियनपर्यंत नेलं, आणि तसंच नळाखाली धरून धुऊन टाकलं. "नाही जमत," अप्पा म्हणाले. "माझ्याच्याने नाही जमत."

ओले बनियन नेणार कसे, म्हणून त्यांनी ते वाळवले. चुरगळलेले नेववेनात, म्हणून इस्त्री फिरवली. इस्त्री फिरवली तर हातासरशी घडीही पडली. उन्हं कलायच्या आत ते तिघेही, चौकोनी, कोपऱ्याला कोपरा जुळवून, सूनबाईच्या वाफ्यात वीतभर खोल निजले. वाळूतले बनियन अप्पांनी होते तसे पुरून टाकले. त्यांना हात लावण्याची छाती झाली नाही. आणि उरलेले सांगाडे? ते टाकून देववेनात. दिलेला कपडा परत करायचा असतो, मग तो कसाही असो! त्यांनी ते रुमालात बांधून खिशात ठेवले.

गुरुवारी सकाळी सगळे वाफ्यापाशी जमले. अध्यक्षबाई, समितीतले दोघे, हातात अहवाल घट्ट धरलेली सूनबाई, आणि आग्रहाने आलेले अप्पा-माई.

वाळूतले तीन बनियन निघाले. अख्खे. सूनबाई हसली! अप्पांना काही कळेना. पोरगी बिचारी धीराची, त्यांना वाटलं, पराभवातसुद्धा हसते.

"आता माझा तुकडा," सूनबाई म्हणाली आणि गुडघे टेकून स्वतः हाताने माती उकरू लागली. तिचा हात थांबला. तिने हळूच काहीतरी वर उचललं.

पांढराशुभ्र बनियन. चौकोनी घडी. कडा अशा धारदार, की भाजी चिरावी!

समितीतले दोघे वाकून बघू लागले. आणि मागून अप्पांनी टाळ्या वाजवल्या.

"वा! वा! घडीसुद्धा मोडली नाही! याला म्हणतात जमीन!"

सूनबाईचा चेहरा त्या बनियनपेक्षा पांढरा पडला. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, बनियन नाकाशी नेला. "दोन महिने जमिनीत होता," त्या म्हणाल्या. "आणि साबणाचा वास येतोय."

"बाई, हे... मला काही..." सूनबाई गडबडून उठली.

"तुमची जमीन कपडे धुते, वाळवते आणि इस्त्री करून ठेवते. पाण्याची बचत राहू द्या, इथे लाँड्री काढा!"

समितीतले दोघे फिसकन हसले. माईंनी मात्र बनियनकडे निरखून पाहिलं, मग अप्पांकडे पाहिलं. चाळीस वर्षं ती घडी त्या बघत आल्या होत्या.

"बाई," अप्पा मोठ्या उत्साहाने म्हणाले, "पण शाबूत आहे ना? मग पास झाली ना आमची सूनबाई?"

"शाबूत आहे म्हणूनच नापास!" अध्यक्षबाई कडाडल्या. "अहो, जिवंत जमीन सूत खाते! जमिनीत जीव असला की कापसाचा कपडा दोन महिन्यांत संपतो. राहते ती शिवण. वाळूत खाणारं कोणी नाही, म्हणून वाळूतला टिकला. मेलेल्या जमिनीत काहीच कुजत नाही, आणि जिथे काही कुजत नाही तिथे काही पिकतही नाही! एवढंही माहीत नाही?"

अप्पांचे दोन्ही हात टाळीच्या मध्यावर थांबले.

"पण हा प्रश्न आता जमिनीचा राहिलाच नाही," अध्यक्षबाईंनी वही उघडली. "प्रयोगात कोणीतरी हात घातला आहे. नियम स्पष्ट आहे. संशोधकाने छेडछाड केली, तर प्रयोग रद्द." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

 सूनबाई खाली वाकून, उकरलेली माती हलक्या हाताने परत वाफ्यात लोटू लागली. आजारी लेकराचं पांघरूण सारखं करावं तशी. 

खोटं बोलायला क्षण पुरतो, पण खरं बोलायचं तर माणसाला आधी स्वतःला आपटून धुवावं लागतं. अप्पा पुढे आले.

"बाई, थांबा. ती घडी माझी आहे."

"काय?"

"माझी घडी. डावी बाजू आत, मग खालून दोन वेळा. अशी दुसरं कोणी घालत नाही. मी चाळीस वर्षं लाँड्री चालवली."  पुढचं वाक्य रोजच्यासारखं ओठावर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "मी... बनियन बदलला. तिन्ही बदलले. हिला काहीच माहीत नाही. मला वाटलं, फाटला म्हणजे ही हरली. म्हणून माझे नवे आणून पुरले. लिहा तुमच्या वहीत, बदलणारा मी. हिचं नाव लिहू नका."

आणि त्यांनी खिशातून रुमाल काढून सोडला. आतून तीन सांगाडे आणि एक दमलेलं गांडूळ बाहेर आलं.

"अहो!" माई ओरडल्या. "हा काल रात्री उशीखाली होता!"

अध्यक्षबाईंनी एक सांगाडा चिमटीत धरला. बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "सुनेसाठी सासरे काहीही कबूल करतील. हे कात्रीने कापलेलं नाही, कशावरून?"

  वारा सुटला होता, लाल झेंड्या फडफडत होत्या.

"खुरपं द्या," अध्यक्षबाई म्हणाल्या.

त्यांनी वाफ्याच्या कडेपासून आत मोजून सात पावलं टाकली, पदर खोचला आणि खणायला बसल्या. सगळे बघतच राहिले. अध्यक्षबाईंच्या हातात एक पट्टी आली. पट्टीला लोंबणारी एक शिवण. त्या शिवणीला लटकलेली दोन गांडुळं.

"हा चौथा कुठून आला?" समितीतला एकजण चक्रावला.

"मी पुरला. झेंड्या लावल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन. मी कोणावरही विश्वास ठेवत नाही." अध्यक्षबाईंनी ती पट्टी उन्हात धरली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच गोड हसू पसरलं. "आमच्या यजमानांचा सगळ्यात लाडका बनियन. अकरा वर्षं तो घालून दारात उभे राहायचे, पाहुणे आले तरी. दोन महिने घरभर शोधताहेत. पाणी वाचवणारी जमीन पुष्कळ पाहिली, पण अब्रू वाचवणारी ही पहिलीच!"

"आणि वाळूत काही पुरलंत का?" सूनबाईने भीत भीत विचारलं.

"त्यांची पट्ट्यापट्ट्यांची विजार." अध्यक्षबाईंनी सुस्कारा सोडला. "ती मात्र टिकली असणार."

उकरून बघितली. टिकली होती. एकेक पट्टा शाबूत.

मग अध्यक्षबाई सूनबाईकडे वळल्या.  वाफ्यातली मूठभर माती त्यांनी उचलली, दाबली, उघडली. माती मुठीच्या आकाराची राहिली. "मी तीस वर्षं पाणी अडवलं," त्या हळूच म्हणाल्या. "सिमेंट, लोखंड, हजार माणसं. तू ते मुठीत अडवलंस, पोरी. तीन वर्षांचं पाणी मंजूर. पन्नास एकरही मंजूर."

सूनबाईने डोळे पुसले. माती लागलेल्या हातांनी पुसले, त्यामुळे तोंडभर माती झाली. अप्पांचा हात सवयीने रुमालाकडे गेला, आणि अर्ध्यावरून मागे आला. असू दे, त्यांना वाटलं. चाळीस वर्षं आपण मातीशी भांडलो, कपड्याकपड्यातून तिला हुसकावून गटारात सोडलं. आणि ही एवढीशी पोर तिला हाताला धरून जिवंत करत होती! ते वाफ्याच्या कडेला बसले आणि त्यांनी मातीवर पंजा टेकला. गार होती. खाली काहीतरी वळवळलं. अप्पांनी पंजा काढला नाही.

"सूनबाई," ते खाली बघतच म्हणाले, "एकदा रागाव तरी."

"कशी रागावू अप्पा? माझ्या जमिनीसाठी कोणी अंगावरचे बनियन दिले नव्हते आजवर." ती थांबली. "पण पुढच्या वेळी माझं वाक्य पूर्ण होऊ द्याल?"

"हो."

"म्हणजे कसं, की जेव्हा मी..."

"समजलं, समजलं!" अप्पा म्हणाले, आणि माईंनी कपाळाला हात लावला.

अध्यक्षबाईंनी जागेवरच मंजुरीचा कागद लिहिला, सही केली आणि सूनबाईच्या हातात दिला. सूनबाईने वाचला, ओठ घट्ट मिटून घेतले आणि तो अप्पांकडे दिला. अप्पांनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पाणी, तीन वर्षं, मंजूर. जमीन, पन्नास एकर, मंजूर. तिसऱ्या कलमाशी मात्र त्यांचा आवाज बारीक होत गेला:

"प्रयोगाच्या वाफ्यांभोवती तारेचं कुंपण मंजूर. मोकाट गुरं आणि सासरे यांच्यापासून संरक्षणासाठी."

अप्पांनी कागदाची घडी घातली. डावी बाजू आत, मग खालून दोन वेळा.

"कुंपण हवंच होतं म्हणा," ते इकडेतिकडे बघत म्हणाले. "गुरं फार येतात हो इकडे."